कोपऱ्यात बाण असलेली चित्रं

तुझी यादी वाचली. चार मशिनं, एक झेरॉक्स, एक स्कॅनर, आणि खाली 'सगळे सॉफ्टवेअर सगळ्या मशिनवर इन्स्टॉल करणे' अशी एक ओळ. बाकी यादी ठीक आहे, ही ओळ तेवढी खोड. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातलं मशीन कधी ना कधी फॉरमॅट करावंच लागतं. एखाद्याची हार्ड डिस्क जाते, एखाद्यात व्हायरस शिरतो, एखाद्यावर कामाला ठेवलेला मुलगा काहीतरी उद्योग करून ठेवतो. दर वेळी पहिल्यापासून सगळं बसवत बसलास तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. क्लासची लॅब इतकी वर्षं सांभाळून माझं मत असं झालंय, की प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, मराठी टायपिंग आणि अँटिव्हायरस एवढं मशिनमध्ये बसवावं. पीडीएफ जोडणं-तोडणं, फोटो लहान करणं, झिप उघडणं, जास्तीचा एखादा ब्राउझर, हे सगळं पोर्टेबल ठेवावं, आणि ते पटकन उघडायला एक छोटा मेनू ठेवावा.

मी पोर्टेबलॲप्स डॉट कॉमचा मेनू वापरते. फुकट आहे. जॉन हॅलर या प्रोग्रामरने 2004 साली पेन ड्राइव्हवरून चालणारा फायरफॉक्स तयार केला, त्यातून पुढे हा सगळा पसारा वाढला. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की आपल्या प्रोग्रामांची यादी उघडते. तुला दुसरा कुठला मेनू आवडला तर तो घे, माझं काही म्हणणं नाही. भानगडी सगळ्यांच्या सारख्याच.

भानगडींचं मूळ एकच आहे, ते आधी डोक्यात बसव. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची नोंद विंडोज ठेवतं. रजिस्ट्रीत ठेवतं, स्टार्ट मेनूत ठेवतं, काढून टाकायच्या यादीत ठेवतं. तू विसरलास तरी ते विसरत नाही. पोर्टेबल प्रोग्रामची अशी नोंद कुणीच ठेवत नाही. तो एका फोल्डरात राहतो आणि तो कुठे आहे, कुठून हलवला, त्याचे शॉर्टकट कुठे कुठे काढले, हे तुलाच माहीत असावं लागतं. म्हणून काउंटरच्या खणात एक वही ठेव. मशीन नंबर, फोल्डरचा पत्ता, शॉर्टकट कुठे काढला. हसू नकोस. कॉम्प्युटरच्या दुकानात कागदाची वही कशाला, असं क्लासमधली पोरंही म्हणायची, आणि मशीन बिघडलं की पहिली वहीच मागायची.

आता बसवणं. मेनू किंवा त्यातला कुठलाही प्रोग्राम घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. गूगलवर नाव टाकलं की वरती जाहिरातीतल्या चार साइट येतात, हिरवी मोठी बटणं असलेल्या. तिकडे फिरकायचं नाही. फाइल उतरली की तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघड. 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब दिसला तर त्यात कुणाची सही आहे ते वाच. सही नसली म्हणजे फाइल वाईटच असं नाही, पुष्कळ छोटे प्रोग्रामर सहीचे पैसे भरत नाहीत. पण सही असायला हवी होती आणि नाही, असं असेल तर थांब.

झिपमध्ये येणाऱ्या प्रोग्रामांबद्दल दोन गोष्टी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण लावतं. ती झिप तशीच उलगडली तर आतल्या फाइलींनाही ती खूण लागते आणि मग प्रोग्राम चालवताना निळी पाटी अडवते. फाइलीची खात्री पटली असेल तर उलगडण्याआधीच झिपच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'वर खूण कर, म्हणजे पुढची कटकट वाचते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झिपवर दोनदा टिचकी मारली की ती फोल्डरासारखी उघडते, आत प्रोग्राम दिसतो, आणि माणूस तिथूनच तो चालवतो. चालतोही! पण विंडोजने तो गुपचूप टेम्प फोल्डरात काढून चालवलेला असतो. तू सगळ्या सेटिंग लावतोस, बंद करतोस, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम कोरा. कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला हे सांगून ठेव: आधी उलगडायचं, मग चालवायचं.

ठेवायचं कुठे? डी ड्राइव्हवर, मुळाशी, छोट्या इंग्रजी नावाचा एक फोल्डर करून. 'टूल्स' म्हण, 'पोर्टेबल' म्हण. मराठीत नाव देऊ नकोस. मराठीचा कळवळा मलाही आहे, पण जुने प्रोग्राम देवनागरी पत्त्याला अडखळतात आणि 'फाइल सापडत नाही' एवढंच सांगतात. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये तर ठेवूच नकोस. तिथे लिहायला ॲडमिनची परवानगी लागते आणि पोर्टेबल प्रोग्रामला स्वतःच्या सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात लिहायच्या असतात. काही जुने प्रोग्राम तिथे ठेवले तर तक्रारही करत नाहीत, कारण विंडोज त्यांचं लिखाण परस्पर ॲपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवतं. मग तू फोल्डर उचलून दुसऱ्या मशिनवर नेतोस आणि सेटिंग मागेच राहतात. डाउनलोड्समध्येही नको, कारण जागा कमी पडली की माणसाचा हात पहिला तिथे जातो.

डेस्कटॉपवरही नको, आणि याचं कारण जरा सविस्तर सांगते. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलं की डेस्कटॉपचा बॅकअप वनड्राइव्हवर घ्यायचा का, असं ते विचारतं. 'हो' म्हटलंस की डेस्कटॉप हा फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतो. वरून काही फरक दिसत नाही, पण पत्ता बदललेला असतो. आता तू चारही मशिनं एकाच खात्यावर चालवणार, मला माहीत आहे. मग पहिल्या मशिनवर काढलेला शॉर्टकट बाकीच्या तिन्हींवर आपोआप उगवेल, तिथे तो प्रोग्राम असो वा नसो. शिवाय त्याच नावाचा शॉर्टकट तिथे आधीच असला तर शेवटी 'कॉपी' लागलेली जुळी भावंडं येतील. आणि चालू असलेला पोर्टेबल प्रोग्राम वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवला तर तो सेटिंगच्या फाइली लिहीत असताना वनड्राइव्ह त्या वर चढवत बसतो. दोघांची ओढाताण होते आणि फाइल बिचारी मधल्यामध्ये जाते. दुकानाच्या मशिनवर डेस्कटॉपचा बॅकअप बंद ठेव. तसंही गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन स्कॅन करून डेस्कटॉपवरच टाकायची सवय सगळ्यांना असते. ते कागद तुझ्या खात्यात वर चढलेले बरे नाहीत.

पोर्टेबलॲप्सचा मेनू बसवताना तो विचारतो, पेन ड्राइव्हवर की याच मशिनवर. जिथे सांगशील तिथे तीन गोष्टी येतात: 'स्टार्ट' नावाची छोटी फाइल, 'पोर्टेबलॲप्स' हा मोठा फोल्डर आणि 'डॉक्युमेंट्स'. मोठ्या फोल्डरात प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं घर, आणि त्या घरात पुन्हा 'ॲप' आणि 'डेटा'. ही वाटणी लक्षात ठेव, पुढे सगळं तिच्यावरच आहे. 'ॲप'मध्ये खुद्द प्रोग्राम असतो, तो कधीही पुन्हा मिळतो. 'डेटा'मध्ये तुझ्या सेटिंग, बुकमार्क, शब्दसंग्रह, म्हणजे पुन्हा न मिळणारं सगळं. नवी आवृत्ती त्याच जागी वरून बसवली की 'ॲप' बदलतं आणि 'डेटा' तसाच राहतो. म्हणून नवी आवृत्ती घेताना आधी जुनी पुसायची, हा जुना रिवाज इथे पाळायचा नाही.

शॉर्टकट. ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो ते चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती रस्त्यावरची पाटी. दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं तरी पाटी जुन्याच गल्लीकडे बोट दाखवत राहते. विंडोज 95 पासून हे असंच आहे. शॉर्टकट ही एक-दोन केबीची स्वतंत्र फाइल असते. तिच्यात प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, कुठल्या फोल्डरातून सुरू करायचं ते, चित्र कुठून घ्यायचं ते आणि द्यायची असेल तर कळफलकाची जोडी, एवढं लिहिलेलं असतं. प्रोग्राम हलला तर विंडोज कधी कधी शोधून काढतं, विशेषतः तो त्याच ड्राइव्हवर असला तर. त्या भरवशावर मात्र राहू नकोस.

काढायचा कसा? प्रोग्रामची फाइल उजव्या बटणाने ओढत डेस्कटॉपवर आण आणि सोड. छोटा मेनू येईल, त्यातून 'शॉर्टकट बनवा' या अर्थाचा पर्याय घे. ऑल्ट दाबून साधी ओढलीस तरी शॉर्टकटच बनतो. काहीही न दाबता ओढलीस तर मात्र पंचाईत. एकाच ड्राइव्हवर असेल तर फाइलच उचलून डेस्कटॉपवर जाते आणि बाकीचा फोल्डर तिच्याविना राहतो. वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर नक्कल होते आणि ती नक्कल शेजारच्या फाइलींवाचून चालत नाही. 'डेस्कटॉपवर आणल्यापासून बिघडला' अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर पहिला हाच संशय घे.

शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' असा रकाना असतो. तिथे एखादं अक्षर दाबलंस की विंडोज कंट्रोल आणि ऑल्ट स्वतःच जोडतं. पीडीएफ जोडायच्या प्रोग्रामला कंट्रोल-ऑल्ट-पी दिलंस तर माउस न पकडता तो उघडेल. पण ही जोडी शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच चालते. फोल्डरात खोल ठेवलास तर नाही.

टास्कबारवर पिन करताना सगळेच फसतात. पोर्टेबल फायरफॉक्स चालू असताना खाली टास्कबारवर त्याचं चित्र दिसतं, त्यावर उजवी टिचकी मारून माणूस 'पिन' म्हणतो. पण त्या वेळी चालू असतो तो 'ॲप' फोल्डराच्या पोटातला खरा फायरफॉक्स. त्याला सुरू करून देणारी बाहेरची फाइल, जिच्या नावात 'पोर्टेबल' आहे, ती वेगळी. तुझा 'डेटा' वापरायचा हे त्या बाहेरच्या फाइलीने सांगायचं असतं. पिन केलेल्या चित्रावरून पोटातला प्रोग्राम थेट उघडला की त्याला तुझ्या डेटाचा पत्ताच नसतो. तो मशिनच्या ॲपडेटामध्ये नवं कोरं खातं उघडून बसतो आणि मग 'माझे बुकमार्क कुठे गेले' अशी शोधाशोध. म्हणून शॉर्टकट असो की पिन, नेहमी बाहेरच्या फाइलीचाच.

फाँटबद्दल सांगायला हवं, कारण तुझं गिऱ्हाईक मराठी आहे. युनिकोडमधलं मराठी कुठल्याही विंडोजवर दिसतं. पूर्वी मंगल होता, विंडोज 8 पासून निर्मला आहे. पण जुन्या अर्जांच्या, लग्नपत्रिकांच्या, वकिलांच्या फाइली श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटात असतात. तो फाँट मशिनवर नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पोर्टेबलॲप्सच्या मेनूच्या स्वतःच्या 'डेटा' फोल्डरात 'फाँट्स' नावाचा फोल्डर करून त्यात फाँट टाकलेस की मेनू चालू असेपर्यंत ते वापरता येतात, मशिनवर बसवावे लागत नाहीत. टायपिंगची सोय मात्र अशी बरोबर नेता येत नाही. इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक विंडोजमध्येच असतो, तो प्रत्येक मशिनवर भाषेच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो.

आता हलवणं. एका मशिनवरून दुसऱ्यावर, किंवा पेन ड्राइव्हवर.

पहिलं काम, प्रोग्राम खरोखर बंद करणं. मेनूच्या खिडकीवरची फुली दाबली की मेनू बंद होत नाही, तो घड्याळाशेजारी जाऊन बसतो. तिथल्या चित्रावर उजवी टिचकी मारून 'एक्झिट' म्हण. शंका असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये नाव राहिलंय का बघ. चालू प्रोग्रामचा फोल्डर उचलायला गेलास तर काही फाइली अडकून राहतात आणि अर्धा इकडे, अर्धा तिकडे होतो.

दुसरं, 'कट' करायचं नाही. नेहमी 'कॉपी'. नव्या जागी नीट उघडतंय, सेटिंग दिसताहेत, एक खरं काम होतंय एवढं पाहायचं आणि मगच जुनं पुसायचं. कट करताना मध्येच लाईट गेली किंवा पेन ड्राइव्ह हलला तर कुठली फाइल कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फोल्डर अख्खा न्यायचा, त्यातली 'फक्त लागणारी' फाइल निवडून नव्हे. आणि फार खोल पत्त्यावर नेऊ नकोस. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे. फोल्डरात फोल्डर करत गेलास की ब्राउझरच्या लांबलचक नावांच्या फाइली कॉपी व्हायला नकार देतात.

पेन ड्राइव्हवर नेणार असशील तर तो कशाने फॉरमॅट केलाय ते बघ. 64 जीबीचा ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटने येतो. त्या मापाला एक्सफॅट प्रत्येक फाइलीला कमीत कमी 128 केबीचा खण देतं, मग फाइल एक केबीची का असेना. सिनेमे ठेवायला ठीक आहे. पोर्टेबल प्रोग्राममध्ये हजारो बारक्या फाइली असतात, त्या तिथे फुगून बसतात. एनटीएफएसचा खण साधारण 4 केबीचा. जुन्या फॅट32 ला तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइलच चालत नाही. फक्त विंडोजवरच वापरणार आहेस, तर एनटीएफएस कर. तरी स्वस्तातल्या ड्राइव्हवर ब्राउझर रांगतच चालणार, कारण तो सतत बारीक बारीक लिहीत असतो. तो डी ड्राइव्हवरच ठेव.

पेन ड्राइव्हचं अक्षर हा नेहमीचा घोळ. एका मशिनवर तो ई होतो, दुसऱ्यावर जी. मेनूला त्याने फरक पडत नाही, मेनू स्वतःच्या जागेपासून मोजत जातो. फरक पडतो तो तू डेस्कटॉपवर काढलेल्या शॉर्टकटला, कारण त्याच्यात ई लिहिलेलं असतं. उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंट उघड आणि त्या ड्राइव्हला पी सारखं लांबचं अक्षर देऊन टाक. ते मशीन तो ड्राइव्ह ओळखून दर वेळी तेच अक्षर देतं. चारही मशिनवर एकेकदा करावं लागेल, कारण ही आठवण मशिनची असते, ड्राइव्हची नव्हे.

सगळंच बरोबर जातं असं मानू नकोस, आणि जे जातं ते सगळं जायला हवं असंही नाही. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड त्याच्या डेटा फोल्डरात असतात, ते फोल्डराबरोबर जातात. म्हणजे ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याच्याही हाती जातात. क्रोम पासवर्ड कुलूपबंद करतो ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने, म्हणून दुसऱ्या मशिनवर ते उघडत नाहीत आणि लोकांना वाटतं पुसले गेले. माझं सांगणं असं, की दुकानाच्या पोर्टेबल ब्राउझरमध्ये एकही पासवर्ड साठवायचा नाही. स्वतःपुरता ठेवायचाच असेल तर फायरफॉक्सला 'प्रायमरी पासवर्ड' लाव. गिऱ्हाइकाचा ओटीपी, पासवर्ड, लॉगइन हे त्याच्याबरोबर दाराबाहेर गेलं पाहिजे.

ड्राइव्ह काढताना मेनूतलंच 'इजेक्ट' वापर. आधी प्रोग्राम बंद, मग मेनू, मग ड्राइव्ह. 2018 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून विंडोज 10 पेन ड्राइव्हवर लगेच लिहून मोकळं होतं, त्यामुळे 'तसाच उपटला तरी चालतो' असं मुलं म्हणतात. नुसती फाइल कॉपी केली असेल तर चालेलही. पोर्टेबल प्रोग्राम चालू असेल तर नाही. काही प्रोग्रामांच्या रजिस्ट्रीतल्या सेटिंग चालू असताना तात्पुरत्या मशिनमध्ये ठेवलेल्या असतात, बंद होताना त्या ड्राइव्हवर परत नेऊन मशीन साफ केलं जातं. मध्येच उपटलंस तर ते काम अर्धवट राहतं. पुढच्या वेळी 'मागच्या वेळी नीट बंद झालं नाही, आता साफसफाई करतो' अशा अर्थाची पाटी येते. घाबरू नकोस, करू दे, आणि प्रोग्राम पुन्हा उघड.

गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह हे वेगळंच प्रकरण. ड्राइव्ह लावला की आत फोल्डरांऐवजी सगळे शॉर्टकट दिसतात, कधी ड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानादुकानांतून हा 'शॉर्टकट व्हायरस' फिरलेला आहे. तो खऱ्या फाइली लपवतो आणि त्यांच्या जागी बाणवाली चित्रं ठेवतो. टिचकी मारलीस की फाइलही उघडते आणि मागे व्हायरसही चालतो. 2010 मध्ये गाजलेला स्टक्सनेट तर याच्याही पुढचा होता. विंडोज शॉर्टकटचं चित्र दाखवायला जायचं, त्यातल्या एका दोषाचा त्याने फायदा घेतला. टिचकीसुद्धा लागत नव्हती, फोल्डर उघडून बघणं पुरत होतं. त्या दोषावर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दुरुस्ती काढली. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी चालू होणं हेही 2011 च्या अपडेटनंतर जुन्या विंडोजवर बंद झालं. तरी टिचकी मारणारा हात आपलाच असतो, त्याला अपडेट नाही.

असा ड्राइव्ह आला तर आधी अँटिव्हायरसने तपास. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' ही आज्ञा वजा एच, वजा आर, वजा एस आणि पुढे स्लॅश एस, स्लॅश डी लावून त्या ड्राइव्हवर चालव. लपलेल्या फाइली परत दिसू लागतात. मग बनावट शॉर्टकट पुस. आणि गिऱ्हाइकाला सांग, 'काका, तुमच्या फाइली गेल्या नव्हत्या, लपल्या होत्या.' त्याचे वेगळे पैसे घेऊ नकोस. पुढच्या वेळी तो तुझ्याकडेच येईल. एक्सप्लोररमध्ये फाइलींची शेपटी, म्हणजे एक्सटेन्शन, दाखवायची सेटिंग चारही मशिनवर चालू ठेव. शॉर्टकटची शेपटी तरीही दिसत नाही, तिथे बाणच बघावा लागतो. पण 'फोटो' नावाचा प्रोग्राम मात्र लगेच पकडला जातो. आणि तुझा स्वतःचा टूल्सचा पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या मशिनला लावायची वेळ आली तर आल्यावर तो आधी तपासायचा. लिहिणं बंद करायची बारीक कळ असलेले ड्राइव्ह मिळतात; बाहेरच्या कामाला तसाच एक ठेव.

राहिलं काढणं. लोक आधी विंडोजच्या प्रोग्रामांच्या यादीत जाऊन शोधतात आणि सापडत नाही म्हणून वैतागतात. तिथे नाव असायचं कारणच नाही. एखादा प्रोग्राम काढायचा तर मेनूत त्याच्यावर उजवी टिचकी मारून 'अनइन्स्टॉल' म्हण. त्याचं अख्खं घर जातं, म्हणून त्यातला 'डेटा' हवा असेल तर आधी बाहेर काढून ठेव. मेनूच काढायचा असेल तर तो बंद करून 'स्टार्ट' फाइल आणि मोठा फोल्डर पुसायचा. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर उघडून पाहिल्याशिवाय पुसायचा नाही. आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. डी ड्राइव्हवर पुसायची सवय झालेल्या माणसाला हे आठवत नाही.

फोल्डर गेला तरी पाट्या मागे राहतात. इथे वही काढ. डेस्कटॉप बघ. पुसल्यावरही एखादा शॉर्टकट दुसऱ्या खात्यात दिसत असेल तर तो 'पब्लिक' खात्याच्या डेस्कटॉपवर आहे, तो काढायला ॲडमिन लागेल. टास्कबारवरचा पिन काढ. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून त्या चौकटीत 'शेल', कोलन आणि 'स्टार्टअप' असं जोडून इंग्रजीत लिही. मशीन सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या गोष्टींचा फोल्डर येईल. त्यात मेनूचा शॉर्टकट टाकला असशील तर काढ, नाहीतर रोज सकाळी 'सापडत नाही'ची पाटी बघत बसशील. तिथे काही नसूनही पाटी येत असेल तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग बघ. तसंच 'शेल'पुढे 'सेंडटू' लिहून उजव्या टिचकीतल्या 'सेंड टू'चा फोल्डर तपास. पीडीएफ 'नेहमी यानेच उघड' असं पोर्टेबल प्रोग्रामला सांगितलं असेल, तर ती नोंद रजिस्ट्रीत राहिलेली असते. डीफॉल्ट ॲप्सच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा प्रोग्राम नेमला की झालं. रजिस्ट्री हाताने उकरायची गरज नाही.

खूप तुटके शॉर्टकट साठले असतील तर निर सोफर यांच्या निरसॉफ्टचा 'शॉर्टकट्समॅन' घे. तोही पोर्टेबलच आहे. डेस्कटॉप आणि स्टार्ट मेनूमधल्या सगळ्या शॉर्टकटांची यादी दाखवतो आणि ज्यांचा पत्ता हरवलाय ते गुलाबी रंगवतो. गुलाबी दिसला की लगेच पुसू नकोस. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर त्यावरचे सगळेच गुलाबी दिसणार. 'रजिस्ट्री क्लीनर' आणि 'पीसी बूस्टर' म्हणून जे काही मिळतं ते मात्र दुकानात आणू नकोस. एक शॉर्टकट काढायला आणलेला असला पाहुणा स्वतःच कधी जात नाही.

जुना पेन ड्राइव्ह कामातून काढताना फॉरमॅट कर, पण 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढून. खूण असली की विंडोज फक्त यादी पुसतं, फाइली तिथेच राहतात आणि परत काढता येतात. खूण काढली की ते पूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहीत जातं. वेळ लागतो, लागू दे, रात्री लावून घरी ये. गिऱ्हाइकांचे आधार-पॅन त्यावर येऊन गेले असतील तर मात्र फॉरमॅट केलेलासुद्धा कुणाला देऊ नकोस. हातोडीने फोड, आणि वहीत त्याच्या नावापुढे काट मार.